रंग कच्चा नव्हता

नत्थुजी, हा तांब्या धरा. फुलदाणीही घ्या. पेला राहू द्या, तो मी घेतो. रावसाहेब, आपला उजवा कोपर जरा उचलावा. क्षमा करा. डावाही. झाले.

आता टेबल उघडे पडले, त्याला माझा इलाज नाही. मला त्याच्यावरचे कापड हवे होते.

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, अंजनगाव सुर्जीहून मुद्दाम आलेले रावसाहेब उत्तमराव, शाळेचे कार्यवाह, वकील मोरोपंत, ज्यांनी आत्ताच माझे मानपत्र वाचले त्या मुख्याध्यापिका अनुपमाबाई, जठारपेठेतून आणि अकोल्याच्या इतर भागांतून आलेले पालक, माझे सहकारी, आणि मुलींनो. ज्याचा सत्कार झाला त्याने उठून आधी कापड ओढावे, हे रीतीला धरून नाही. एकोणतीस वर्षे या शाळेत मी रसायन शिकवले आणि रीत पाळली. रीत पाळण्याचा परिणाम माझ्या हातात आहे. तो पिवळट आहे. मागच्या रांगांना कदाचित दिसत नसेल.

मी भाषण लिहून आणले होते. ते या खिशात आहे. चांगले आहे. त्यात ‘ऋण’ हा शब्द चार वेळा आहे आणि शेवटी माझा कंठ दाटून येतो. ते मी वाचणार नाही. कारण सांगतो. कारण चहा आहे.

अनुपमाबाई मानपत्र वाचत होत्या. त्यात ‘अजातशत्रू’ हा शब्द आला तेव्हा रावसाहेबांनी कपबशी उचलली. चहा बशीत सांडला होता, थोडा बशीखाली उतरला होता. कापडावर गोल उमटला. कोणत्या समारंभात असा गोल उमटत नाही? ज्याचा सत्कार असतो त्याने मान खाली घालून बसायचे असते. मी तसा बसलो होतो, म्हणून तो गोल मला दिसला.

चहाचा डाग तांबूस असतो. हा तांबूस राहिला नाही. माझ्या शिस्तप्रियतेचे वर्णन चालू होते तेव्हा तो करडा झाला. माझ्या निःस्वार्थ सेवेपर्यंत येईतो काळा झाला, शाईसारखा.

मॅट्रिकच्या वर्गातल्या मुलींनो, सांगा. चहात तुरट काय असते? बरोबर. हिरड्यात असते तेच. तुमच्या पणजोबांची शाई कशाची होती? हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार. हिरड्याच्या पाण्याला लोखंड भेटले की ते काळे होते. चहाला लोखंड भेटले तरी काळे होते. म्हणजे या कापडात लोखंड आहे. टेबलावरच्या कापडात लोखंड कशाला असेल?

आणखी एक. तो गोल पुरा नाही. एका जागी तुटला आहे. तिथे डाग साध्या चहाचाच राहिला आहे, म्हणजे तेवढ्या जागेत लोखंड नाही. ती जागा बोटाएवढी रुंद आहे आणि किंचित वाकडी आहे. ते बोट कोणाचे, हे मला ठाऊक आहे. ती बाई दाराशी उभी आहे.

पार्बताबाई, जाऊ नका. मागच्यांना ऐकू गेले नसेल, त्या म्हणतात, ‘‘मले उशीर होऊन राहिला, मास्तर. हार पोचवले, टोपली रिकामी झाली, आता माहं काय काम?’’ काम आहे. बसा. खुर्ची नसेल तर नत्थुजी माझी नेतील. मी उभाच आहे.

माझ्या गळ्यात हा जो झेंडूचा हार आहे तो पार्बताबाईंनी ओवला आहे. मला तो दुपारपासून जड होतो आहे.

आता क्रमाने सांगतो. क्रम सोडला की मी चिडतो, आणि चिडलेल्या माणसाचे म्हणणे खोडून काढणे वकिलांना सोपे जाते.

जानेवारीत अमरावतीहून एक पत्रक आले. मध्यप्रांत आणि वऱ्हाडातल्या शाळांसाठी चित्रांचे प्रदर्शन भरणार होते. विषय: ‘रसायनशास्त्र आणि त्याच्या शक्यता’. पहिली येणाऱ्या विद्यार्थिनीला अमरावतीला दोन वर्षे विज्ञान शिकण्याची आणि राहण्याची सोय. नियम चौथा: प्रत्येक चित्रावर विषय-शिक्षकाचा अभिप्राय आणि सही हवी. कार्यवाहांची नव्हे, शिक्षकाची. हा नियम लक्षात ठेवा. मी तीन आठवडे विसरलो होतो.

लढाई सुरू झाल्यापासून रंगांच्या पेट्या दुकानात येत नाहीत. मी मुलींना म्हटले, रंग आपण करू. पळसाची फुले उकळून तुरटी घातली, केशरी झाला. मोरचुदाचा हिरवा झाला. काजळी तर घरोघरी आहे. सतरा मुलींनी नावे दिली, सोळा जणी चित्रे काढायला बसल्या. कारखाने निघाले. चिमण्या निघाल्या. एकीने हातात परीक्षानळी धरलेली सरस्वती काढली; तिला मोर कुठे बसवावा ते कळेना, म्हणून मोर नळीत उतरला. मी हसलो, पण चित्र चांगले होते.

सतरावी बसली नाही. तिचे नाव शालू. पार्बताबाईंची मुलगी. तिचे वडील किसनराव गावाबाहेर मळा करतात. शालू मला म्हणाली, ‘‘मास्तर, शक्यता म्हंजे काय?’’

मी म्हटले, जे होऊ शकते ते.

‘‘मंग ते झाल्यावर काढू, का व्हायच्या आधी?’’

एकोणतीस वर्षांत एवढा चांगला प्रश्न मला कोणी विचारला नाही, कार्यकारिणीने तर नाहीच.

आठ दिवसांनी ती पुन्हा आली. किसनरावांबरोबर ती कापसाच्या एका जिनात भाजी पोचवायला जाते. तिथे इंजिनियरच्या भिंतीवर निळा नकाशा होता, पांढऱ्या रेघांचा. ‘‘तो कोनं रंगवला, मास्तर?’’ मी म्हटले, उन्हाने. तिला वाटले मी थट्टा करतो आहे. मग मी तिला सांगितले. दोन क्षार असतात. त्यांचे पाणी एकत्र करून कागदाला किंवा कापडाला अंधारात लावायचे, वाळवायचे आणि उन्हात ठेवायचे. ऊन लागते तिथे निळे होते. जिथे काही आड येते तिथले क्षार तसेच राहतात आणि पाण्याने धुऊन जातात, जागा पांढरी राहते. बांधकाम खात्यात माझे एक परिचित आहेत, त्यांनी दोन्ही क्षारांच्या अर्ध्या अर्ध्या बाटल्या दिल्या. शालूने मादरपाट आणले. दीड वार. हेच ते.

मला वाटले, ती पाने ठेवील. कारल्याचा वेल ठेवील. मळ्यातली मुलगी दुसरे काय ठेवणार? पाहा, मीही काही वेगळा नव्हतो. रविवारी सकाळी शाळेच्या मागच्या अंगणात ती आईला घेऊन आली. कापड फळीवर पसरले आणि आईला म्हणाली, ‘‘ठेव हात.’’

पार्बताबाई बसल्या. दोन्ही हात कापडावर. पाव तास हलायचे नाही. मोरोपंतांची सिंधू तिथे होती. सिंधू, लाजू नकोस, तू होतीस. हिने विचारले, ‘‘काकू, नाक खाजलं तर?’’

‘‘तं तू खाजवून दे ना बाप्पा!’’

आणि हिने खरेच दिले. आम्ही सगळे हसलो. पार्बताबाई हसल्या, पण हात हलवले नाहीत. थोड्या वेळाने कोणाकडे न पाहता म्हणाल्या, ‘‘एवढा वेळ हात रिकामे ठेवून मी कधी बसलीच नाही.’’

मी घड्याळ पाहत होतो. तेरा मिनिटे झाली होती.

मग कापड विहिरीच्या पाण्यात धुतले. निळे झाले. आणि त्यात दोन हात वर आले. पांढरे. कोपरापासून बोटांपर्यंत. पार्बताबाई जवळ गेल्या. ‘‘हे माहे? एवढे मोठे?’’ मग डाव्या हाताच्या करंगळीवर बोट ठेवून म्हणाल्या, ‘‘इळा लागला तवापासून वाकडी झाली. ते बी आलं पाह्य.’’

शालूला मी म्हटले, चित्राला नाव काय द्यायचे? ती म्हणाली, ‘‘शक्यताच लिवा.’’

मोरोपंत घड्याळ दाखवत आहेत. मला ते दिसते आहे, वकीलसाहेब. पाव तास लागेल. पार्बताबाई तेवढा वेळ बसल्या होत्या.

तीन आठवड्यांपूर्वी शुक्रवारी कार्यवाह चित्रे पाहायला आले. कारखाने पाहिले, मान हलवली. सरस्वती पाहिली, नमस्कार केला. मग या कापडापुढे थांबले. आमचे संभाषण मी जसेच्या तसे सांगतो. चूक झाल्यास त्यांनी इथेच दुरुस्त करावी.

‘‘हे हात कोणाचे?’’

‘‘पार्बताबाईंचे. शालूच्या आई.’’

‘‘म्हणजे आपल्याकडे भाजी घेऊन येते ती?’’

‘‘होय.’’

‘‘मास्तर, तिची भाजी आपण घेतोच की. हात कशाला हवेत?’’

दुरुस्ती नाही. ठीक.

हे ऐकून बरोबरची मंडळी हसली. मीही हसलो. हे मात्र त्यांना सांगावे लागणार नाही, मीच सांगतो. मी मोठ्याने हसलो नाही. जेवढे हसले म्हणजे नोकरीत माणूस सुरक्षित राहतो, तेवढे हसलो.

मग ते म्हणाले, ‘‘कापड बरे आहे. सभागृहाच्या टेबलाला आच्छादन नाही. धुऊन घ्या.’’

आपल्या शाळेची एक पद्धत आहे. समारंभ जवळ आला की सभागृहातली सगळी कापडे, पडदे, बैठकीच्या चादरी शनिवारी नत्थुजींच्या हंड्यात जातात. धुण्याचा सोडा घालून उकळतात. सोडा प्रयोगशाळेच्या कपाटात असतो, कारण बाहेर ठेवला की संपतो. तो मी मोजून देतो. त्या शनिवारी नत्थुजी आले. चादरींच्या गठ्ठ्यात वर हे निळे कापड होते.

नत्थुजी म्हणाले, ‘‘मास्तर, सोड्यानं ह्याचा रंग जाईन ना?’’

शाळेचा शिपाई. तिसरीपर्यंत शिकलेला. त्याला कळले. मला रसायनाची पदवी आहे. मी म्हटले, ‘‘सांगितले आहे तसे करा.’’ आणि दोन ओंजळी सोडा त्यांच्या टोपल्यात टाकला. या हातांनी.

परवा मी नत्थुजींना विचारले, तुम्हाला वाईट वाटले का? ते म्हणाले, ‘‘मले सांगतलं धू, मी धुतलं. मी काय इन्स्पेक्टर हाय? पण तुमी तं मास्तर होते ना!’’ होते. मी होतो.

सोमवारी कापड वाळून आले ते असे. निळ्याचा मागमूस नाही. मोरोपंतांनी ते दोन बोटांत धरले आणि म्हणाले, ‘‘पाहिलेत? रंग कच्चा. बरे झाले आधी कळले, नाहीतर अमरावतीला शोभा झाली असती.’’ त्यांनी शालूच्या अर्जावर लिहिले: ‘रंग कच्चा असल्याने चित्र टिकले नाही. प्रदर्शनास अपात्र.’ खाली बोट ठेवले. एकोणतीस वर्षे त्यांनी आणि त्यांच्या आधी त्यांच्या वडिलांनी जिथे बोट ठेवले तिथे मी सही केली आहे. पगारपत्रकावर, परीक्षेच्या निकालावर, एकदा तर कोऱ्या कागदावर. तिथेही केली. सहीला किती वेळ लागतो?

दुपारी शालू वर्गात उभी राहिली. चिडलेली नव्हती. रडलीही नव्हती. तिने शंका विचारावी तसे विचारले, ‘‘मास्तर, सोड्यानं निळा मोडते ना? मंग रंग कच्चा कसा?’’

मी म्हटले, ‘‘पान चौऱ्याहत्तर उघडा.’’

ती बसली. तिने पान चौऱ्याहत्तर उघडले. तिने उघडले, याचा मला जास्त राग आहे. तिने पुस्तक माझ्या अंगावर फेकले असते तर आज मला इथे शाल घेताना कमी लाज वाटली असती. या शाळेने तिला एवढे तरी शिकवायला हवे होते, की मास्तर खोटे बोलतो तेव्हा पुस्तक उघडायचे नाही.

आपण म्हणाल, एका चित्राचे एवढे काय? सांगतो. किसनराव मला बाजारात भेटले. भला माणूस. कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होते, हात थांबवला नाही. म्हणाले, ‘‘चित्र गेलं अमरावतीले तं पोट्टी शिकन, मी आडवा येत नाही. नाही गेलं तं मळ्यात हात कमीच हायेत.’’ परीक्षेनंतर तिचे दप्तर बंद. चित्र पहिले आले तर नव्हे, नुसते गेले तर! बापाने एवढीच अट घातली होती. शेतकरी माणूस शक्यतेवर पोर पाठवायला तयार होता. शक्यता आम्ही हंड्यात उकळली.

रावसाहेब, आपण हे टोक धराल का? उंच धरा. दुसरे टोक धरायला कोणी... सिंधू, तू येतेस? वडिलांकडे पाहू नकोस, पायऱ्यांकडे पाहा. ये. या पश्चिमेच्या खिडकीसमोर. आणखी ताणा. सुरकुती नको.

आता पाहा. सूर्य मागे आहे.

मागच्या रांगांतून उठून उभे राहिलात तरी चालेल. पिवळ्यात ते दोन फिके दिसतात ना? हा डावा. हा उजवा. हा चहाचा गोल, आणि तो जिथे तुटतो तिथे ही करंगळी. आज सगळा समारंभ हे हात टेबलावर होते. त्यांच्यावर तांब्या होता, फुलदाणी होती, माझे मानपत्र होते, रावसाहेबांचे कोपर होते. रावसाहेब, आपला दोष नाही. आपल्याला कोणी सांगितले नव्हते.

मोरोपंत म्हणतात, ‘‘मास्तर, हे व्यासपीठ आहे, कोर्ट नाही.’’ बरोबर आहे. कोर्ट असते तर आपण जास्त तयारीने आला असता. बसा. मी आरोप करीत नाही, मी रसायन शिकवतो आहे. उद्या दुपारी बारापर्यंत या शाळेत रसायन शिकवणे माझे काम आहे. तसे आपल्याच पत्रात लिहिले आहे.

तर मुलींनो, हा शेवटचा तास. निळा रंग सोड्याने मोडतो. त्यातले एक द्रव्य सुटून पाण्याबरोबर जाते. लोखंड जात नाही. ते गंजाचे रूप घेऊन सुताच्या आत बसते. हा पिवळेपणा म्हणजे तेच. धोब्याने गंजाचा डाग काढून दिला असे तुम्ही कधी ऐकले आहे? लोखंड कापसाला सोडत नाही. तीन आठवडे हे चित्र इथेच होते. फक्त आपल्याला दिसेल अशा रंगात नव्हते. गेलेले द्रव्य परत दिले आणि थोडे आम्ल दिले, तर लोखंड पुन्हा निळे होईल. हाताच्या जागी लोखंड नाही, म्हणून हात पांढरे राहतील. आम्लाला लिंबू पुरते. आणि त्या द्रव्याचे पिवळे खडे प्रयोगशाळेत दुसऱ्या फळीवर आहेत, डावीकडून चौथी बाटली. शालूला ठाऊक आहे. कदाचित मला आठवायच्या आधीपासून ठाऊक असेल. पण तिने मला विचारून पाहिले होते, आणि मी पान सांगितले होते.

हे मी तीन आठवड्यांपूर्वी का केले नाही? मला वाटत होते की जे झाले ते झाले. रसायनाच्या माणसाने असे वाटून घेणे म्हणजे गवंड्याला ओळंब्याचा विसर पडणे. आज कपातला चहा सांडला नसता तर मी खिशातले भाषण वाचले असते, आपण टाळ्या दिल्या असत्या, आणि उद्या मी घरी बसून पेन्शनीत म्हातारा झालो असतो. मला माझ्या सद्बुद्धीने उठवले नाही. डागाने उठवले. हे मानपत्रात घालता आले तर घाला.

आता एक कागद वाचतो. मानपत्र चालू असताना भाषणाच्या पाठीमागे पेन्सिलीने लिहिला, आत्ता शाईने सही करतो.

‘शालू किसनराव घाटोळ हिच्या चित्राचा रंग कच्चा नव्हता. शाळेने ते सोड्यात उकळले. सोडा मी दिला. रंग कच्चा असल्याच्या शेऱ्याखाली मी सही केली ती खोटी होती. चित्र प्रदर्शनास पात्र आहे. विषय-शिक्षक, चिंतामण.’

या सहीसाठी कोणी बोट ठेवलेले नाही.

साक्षीदार म्हणून रावसाहेब सही करतील का? रावसाहेब विचार करीत आहेत. करू द्या. मलाही तीन आठवडे लागले.

कार्यक्रमपत्रिकेत असे छापले आहे की शेवटी सत्कारमूर्ती प्रयोगशाळेची किल्ली कार्यवाहांच्या स्वाधीन करतील. किल्ली माझ्या कनवटीला आहे. ती आज मिळणार नाही. चित्रांची पेटी उद्या दहाच्या गाडीने जाते. सकाळी सातला प्रयोगशाळा उघडेल. शालूने यावे. तिच्या आईने यावे. लिंबे आणावीत, पार्बताबाई. दहाबारा पुरेत. काय म्हणता? त्या म्हणतात, ‘‘लिंबं तं आणतो, मास्तर. पण मांगच्या वानी पान उघडाले लावू नका पोरीले.’’

नाही लावणार.

हसलात, बरे झाले. या सभागृहात आज पहिल्यांदा कोणी योग्य ठिकाणी हसले.

मानपत्र मी परत करतो. चौकट चांगली आहे, दुसऱ्या कोणाला कामी येईल. ‘अजातशत्रू’ हा शब्द मात्र तेवढा खोडावा. ज्याला एकोणतीस वर्षांत एकही शत्रू झाला नाही, त्याच्या समोर काय काय होऊन गेले असेल, याचा हिशेब कोणी मांडत नाही. आजपासून तो शब्द मला लागू नाही. मोरोपंतांच्या चेहऱ्यावरून तसे दिसते.

ही शाल उंची आहे. टेबल मी उघडे केले, म्हणून ती टेबलावर घालतो. रावसाहेब, आता कोपर ठेवायला हरकत नाही. नारळ नत्थुजींना. हार मी काढत नाही. तो गळ्यात ठेवूनच मी गावातून पायी जाईन, पार्बताबाईंच्या मागे.

अध्यक्षांनी कापडाचे टोक शेवटपर्यंत धरले, त्यांचे मी मनापासून आभार मानतो. सिंधूचेही. तिला घरी गेल्यावर जे ऐकावे लागेल त्याबद्दल तिची आगाऊ क्षमा मागतो. ज्यांनी वर्गणी काढली, मांडव घातला, चहा केला, त्यांचा मी ऋणी आहे. चहा करणाऱ्यांचा विशेष. बोलण्यात कोणाचा मान राखायचा राहिला असेल. आजवर सर्वांचा राखत आलो, त्यात ज्यांचा राहून गेला त्यांची क्षमा मी आधी मागायला हवी होती. पार्बताबाई, शालू, माझे चुकले. बाकीच्यांनी त्यांच्यानंतर माझा अपराध पोटात घालावा.

सिंधू, घडी घाल. हात आतल्या बाजूला येऊ देत.



दुसऱ्या दिवशी सकाळी सातला प्रयोगशाळेच्या दाराला दुसरे कुलूप होते. माझी किल्ली लागली नाही. नत्थुजींनी बिजागरीच्या खिळी ठोकून काढल्या आणि दार उचलून भिंतीला टेकवले. म्हणाले, ‘‘कुलुपाले मी हात नाही लावला, मास्तर.’’ शालूने खडे विरघळवले. पार्बताबाईंनी अकरा लिंबे पिळली. साडेआठला कापड निळे झाले. काही ठिकाणी ढगाळ, पण हात दिसत होते. चहाचा गोल गेला नाही. शाळेच्या पेटीला लाख लागली होती, म्हणून कापड पार्बताबाईंच्या टोपलीत ठेवले आणि कागद त्यावर टाचला. कागदावर दोन सह्या होत्या. दुसरी रावसाहेबांनी रात्री माणूस पाठवून, कागद मागवून केली होती. मायलेकी दहाच्या गाडीने अमरावतीला गेल्या. नत्थुजींनी आणि मी दार परत बसवले. साडेअकराला मी माझी किल्ली मोरोपंतांच्या घरी नेऊन दिली.